बिनकडीच्या गावातला चोर

संगणकावर खेळ रचणे आमच्या वयाला आणि विषयाला शोभत नाही, हे प्रथमच मान्य करतो. आम्ही दोघेही मराठी शिकवतो. संगणकशास्त्राच्या दोन विद्यार्थ्यांनी 48 तासांत ब्राउझरमध्ये चालणारा विनोदी खेळ तयार करायचे ठरवले आणि 'मजकूर तुमचा' म्हणत आम्हांला त्यात ओढले. अशा झटपट स्पर्धा आता जुन्या झाल्या आहेत. 'लुडम डेअर' 2002 पासूनची. 2012 साली सुरू झालेल्या 'जेएस13के'मध्ये तर अख्खा खेळ चित्रांसकट दाबून 13 किलोबाइटांत बसवावा लागतो. मुलांनी तीच मर्यादा स्वतःवर लादून घेतली होती. यूटीएफ-8 मध्ये रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा आणि हलन्तही त्यातून सुटत नाहीत. आमचा पाल्हाळ इतक्या काटेकोरपणे आजवर कोणी मोजला नव्हता.

विषय ठरला शनिशिंगणापूर. घरांना चौकटी आहेत पण दारे नाहीत, ही तिथली परंपरा सर्वश्रुत आहे. 2011 साली तिथे युको बँकेची 'बिनकुलपाची' शाखा उघडली तेव्हा तर देशभर बातम्या झाल्या. आमची कल्पना अशी, की किल्ल्यांचा जुडगा घेऊन आलेला चोर कुलूप शोधत गावभर हिंडतो आणि काही उचललेच तर दंतकथेप्रमाणे आंधळा होतो. पडदा काळा. खेळ समाप्त. आम्ही आमच्याच विनोदावर पुष्कळ हसलो.

दोघांपैकी एक विद्यार्थी त्याच गावचा. तो हसला नाही. "सर, मॅडम, हे बाहेरून आलेल्या माणसाचं हसू आहे," तो म्हणाला. "आमच्यात रात्री चौकटीला फळी लावतात. चोरासाठी नाही, कुत्र्यांसाठी. आजीची सगळी झोप त्या फळीपायी जायची."

आम्ही गप्प झालो. वर्गात दरवर्षी आम्ही ग्रामीण विनोद शिकवतो, हसणारा कुठे उभा आहे ते पाहा म्हणून सांगतो, आणि स्वतः मात्र पर्यटकांच्या बसमध्ये बसून लिहीत होतो. पहिला मसुदा पुसला. आता खेळणाऱ्याच्या हाती आजी आली, आजीच्या हाती फळी, आणि चारी दिशांनी कुत्री. चोर उरला दुय्यम. देवाची शिळा आम्ही खेळात आणलीच नाही. आमच्यापैकी एकीला 2016 पर्यंत त्या चौथऱ्यावर पाऊल ठेवता येत नव्हते, आणि तो विषय कुत्र्यांच्या शेजारी बसवण्याजोगा नव्हता.

दुसऱ्या रात्री एक दोष निघाला. चोर घरात शिरे, पण बाहेर पडेना. बाहेर पडण्याची आज्ञा 'दार' या वस्तूला जोडलेली होती, आणि दार तर आमच्या खेळात कुठेच नव्हते! दुरुस्तीला वेळ उरला नव्हता. तेव्हा चोराला घरातच ठेवले आणि आजीच्या तोंडी एक वाक्य घातले: "बसा, चहा टाकते."

विद्यार्थ्याने ते वाचले आणि मान हलवली. आजी चोराला अहोजाहो करणार नाही, असे त्याचे म्हणणे. त्याने लिहिले, "बस, च्या टाकते." आम्ही बाइट मोजले. दोन्ही वाक्ये 37 बाइटांचीच भरली.