समास सोडा, गुरुजी!

मंडळी, वयाच्या ७४ व्या वर्षी मला एका यंत्रानं पहिल्याच तासाला बाकावर उभं केलं. गुन्हा काय, तर समास सोडला नाही!

त्याचं झालं असं. माझी नात पुण्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीत नंदुरबारला आली तेव्हा तिनं आपला जुना लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आबा, दिवसभर शब्दकोडी सोडवत बसता, त्यापेक्षा पायथॉन शिका." स्वयंपाकघरातून आमच्या सौ. ओरडल्या, "धडगावला होतो तेव्हा साप काय कमी पाहिले का त्यांनी?"

मग नातीनं आम्हा दोघांना समजावलं की पायथॉन ही संगणकाशी बोलायची भाषा आहे. गुइडो व्हान रोसम नावाच्या डच गृहस्थानं ती १९९१ साली लोकांसमोर आणली. नाव अजगरावरून घेतलेलं नाही. १९६९ ते १९७४ या काळात बीबीसीवर 'माँटी पायथॉन' नावाचा, शेंडाबुडखा नसलेल्या विनोदाचा एक कार्यक्रम चाले, त्यावरून घेतलंय. मी म्हटलं, भाषेचं बारसंच विनोदावरून झालंय म्हणजे आपलं जमेल.

शिवाय मी बी.ए. मराठीचा. जन्मभर व्याकरण शिकवलं. प्रोग्रॅमिंगच्या भाषांचं व्याकरण मांडायची 'बॅकस' नावाची एक रीत आहे. तिला 'पाणिनी-बॅकस' म्हणावं, असं पीटर इंगरमन यांनी १९६७ साली सुचवलं होतं. हे नातीनं सांगितलं आणि माझी छाती फुगली. पाणिनी म्हणजे आपल्याच घरातले की!

पण पाणिनी मदतीला आले नाहीत. तिसऱ्या ओळीला यंत्र म्हणालं, "इंडेंटेशन एरर." म्हणजे काय, तर अटीखालची ओळ डावीकडून थोडी जागा सोडून लिहायची असते, साधारण चार अक्षरांची. मी सोडली नव्हती. ३४ वर्षं मी वर्गात एकच मंत्र जपला, "समास सोडा, समास सोडा." समास न आखलेल्या वह्या खिडकीतून बाहेर भिरकावल्या. आता वही माझी होती, आणि खिडकीपाशी उभा राहणारा तो होता.

पुस्तकातली उदाहरणंही विचित्र. जिथंतिथं 'स्पॅम' आणि 'एग्ज'. डब्यातलं मांस आणि अंडी! आमच्या घरी चतुर्थीला लसूण चालत नाही. नात म्हणाली, तोही त्या मालिकेतलाच विनोद आहे. एका खानावळीतल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम असतो, नको म्हटलं तरी येतो. नको असलेल्या ई-मेलना स्पॅम म्हणतात तेही यावरूनच. मला तो विनोद लगेच कळला. नंदुरबारात राहणाऱ्याला, मिरचीच्या हंगामात तर, समजावून सांगावाच लागत नाही. मी स्पॅमच्या जागी मिरची लिहिलं आणि एग्जच्या जागी आमचूर. यंत्रानं मुकाट्यानं मानलं, कारण या भाषेत आता वस्तूंना देवनागरीतही नावं देता येतात.

मला वाटलं, गडी आपल्यातला झाला. म्हणून पुढं लिहिलं, मिरची बरोबर ४०. इथं मात्र तो अडला! मिरची मराठीत चालते, ४० मराठीत चालत नाही. आकडा इंग्रजीच हवा. बरं, तोच ४० मी त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मराठीत टंकला आणि 'याचा अंक कर' असं सांगितलं, तर बिनतक्रार घेतला. आपण लिहिलेला अर्ज नामंजूर, पण साहेबानं विचारलं आणि तोंडी तेच सांगितलं तर मंजूर! सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. पण मला वाटलं.

मग मी त्याला विचारलं, 'नंदुरबार' या शब्दाची लांबी किती? आता हा तर माझाच प्रांत. अक्षरं मोजली तर ५. वृत्तासाठी मात्रा मोजल्या तर ७. यंत्र म्हणालं, ८! त्याच्या लेखी अनुस्वार, उकार आणि काना यांना प्रत्येकी वेगळी शिधापत्रिका आहे. तोच शब्द उलटा करायला सांगितला, तर आलं 'राबरुदंन'. म्हणजे बाचा काना शेवटच्या रला, दुचा उकार अलीकडच्या रला आणि नंचा अनुस्वार दच्या डोक्यावर. बाजाराच्या दिवशी शहाद्याच्या एस.टी.तून उतरताना पिशव्यांची अदलाबदल व्हावी तसं. मी इतका हसलो की सौ. पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

असो. दहा-बारा दिवसांनी धीर आला. म्हटलं, आपला धंदा हजेरी घेण्याचा, तर हजेरीचाच प्रोग्रॅम लिहू. पाच नावांची यादी केली. (पहिल्या मुलाचा नंबर इथं शून्य असतो. पहिल्याला शून्य! पण आता मी वाद घालणं सोडलंय.) यंत्राला सांगितलं, जोवर यादी संपत नाही तोवर नाव पुकार. त्यानं पहिलं नाव पुकारलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. पडदा भरला, वाहायला लागला, थांबेचना. मी घाबरून पुण्याला फोन लावला.

"तुझं हे यंत्र वेडं आहे. पहिल्याच मुलाला धरून बसलंय!"

"आबा, पुढच्या नावावर जा, असं सांगितलंत का त्याला?"

"हे सांगायला कशाला हवं? कोणालाही कळेल!"

"त्याला नाही कळत. त्यानं तुम्ही सांगितलं तेवढंच केलं."

फोन ठेवला, आणि हे वाक्य डोक्यातून जाईना. हे मी आधी कुठंतरी पाहिलं होतं.

१९८३ साल. तेव्हा आपला जिल्हा धुळ्यातच होता. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. मी अक्राणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत होतो. मुलं पावरा आणि भिल्ल, घरी पावरी किंवा भिली बोलणारी. चौथीत एक मुलगा नवा आला होता. गप्प असे, पण सांगितलेलं काम पळत जाऊन करी. एकदा मधल्या सुट्टीची वेळ झाली आणि मी त्याला म्हटलं, "जा रे, घंटा दे."

तो पळत गेला. घंटा वाजली नाही. थोड्या वेळानं दोन्ही हातांनी पोटाशी काहीतरी धरून तो धापा टाकत दारात आला. आमची घंटा म्हणजे लिंबाला तारेनं टांगलेला रुळाचा तुकडा. तो सोडवून त्यानं आणला होता. माझ्या टेबलावर ठेवला आणि हात पुढं करून उभा राहिला. घंटा दिली!

सगळा वर्ग खो खो हसला. मला वाटलं, पोरगं माझी थट्टा करतंय. मी त्याच्या थोबाडीत मारली.

तो रडला नाही. काय चुकलं, एवढंच माझ्या तोंडाकडे बघत राहिला. होळीला सगळी मुलं घरी जातात, सातपुड्यात होळी हाच मोठा सण. तो गेला आणि परत आला नाही. दोन महिने मी त्याच्या नावापुढं गैरहजर लिहिलं, मग नाव कमी केलं. नियमानं सगळं बरोबर होतं.

इतकी वर्षं हा किस्सा मी लग्नकार्यात गंमत म्हणून सांगत आलो. लोक हसायचे. थोबाडीतला भाग मी गाळायचो.

दे म्हणजे हातात दे, एवढीच मराठी त्याच्यापर्यंत पोहोचली होती, आणि तेवढ्या मराठीत त्यानं माझी आज्ञा तंतोतंत पाळली होती. यंत्राला एखादा शब्द माहीत नसला तर ते सरळ सांगतं की अमुक ओळीत अमुक नाव आहे, ते मला कोणी सांगितलेलं नाही. शंभरदा सांगतं. त्याला लाज वाटत नाही, आणि मी शंभरदा चष्मा पुसून माझीच चूक शोधतो. त्या पोराला तसं म्हणायची सोय नव्हती. यंत्राला दिला तेवढा वेळ मी त्याला दिला नाही.

काल रात्री मी कोऱ्या पानावर 'घंटा_दे' एवढंच लिहून कळ दाबली. अपेक्षेप्रमाणं उत्तर आलं, "नेम एरर." हे नाव मला माहीत नाही.

मग मी त्याच्या वर चार ओळी लिहिल्या. घंटा म्हणजे काय, ती द्यायची म्हणजे काय करायचं, किती वेळा करायचं. नीट समास सोडून. पुन्हा कळ दाबली.

टण्. टण्. टण्.

सौ.नी विचारलं, "झालं का तुमचं? झोपा आता." म्हटलं, झालं. चारच ओळींचं काम होतं.