‘कोर्टाने म्हटले आहे’ एवढ्याने भागत नाही

आमच्या अभ्यासवर्गात एम.ए., पीएच.डी. करणारी मुलंमुली आपली प्रकरणं वाचायला आणतात. विषय दमदार असतात, कळकळ खरी असते. पण निकालाचा उल्लेख आला की वाक्य ठरलेलं असतं : ‘मा. न्यायालयाने असे म्हटले आहे की...’ कोणत्या न्यायालयाने? कधी? किती न्यायमूर्तींनी? तळटीप बघावी तर तिथे एखाद्या वर्तमानपत्राचं नाव, नाहीतर काहीच नाही. मग तोंडी परीक्षेत समोरचा एकच प्रश्न विचारतो आणि तीन वर्षांची मेहनत डळमळते. आपल्या मुलांना हा प्रश्न जरा जास्तच विचारला जातो, हे आम्ही पाहिलेलं आहे. म्हणून तर उत्तर कागदावर आधीच पाहिजे.

चवदार तळ्याचंच घ्या. २० मार्च १९२७ सगळ्यांना पाठ आहे. त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या कोर्टात दावा दाखल झाला आणि तो मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी संपला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या निकालाचं नाव आहे ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’. नावात वैद्य आधी, कारण अपील त्यांचं होतं, ते हरले. आमच्यातल्या एका मुलाने आदरापोटी संदर्भात ‘डॉ. बाबासाहेब’ घातलं. भावना कळते, पण निकालपत्रात जसं नाव छापलंय तसंच लिहायचं, नाहीतर शोधणाऱ्याला तो निकाल सापडणारच नाही. आदर मजकुरात दाखवावा, तिथे जागा भरपूर आहे.

आता खरी मेख. ‘उच्च न्यायालयाने अस्पृश्यता बेकायदा ठरवली’ असं वाक्य आम्ही कितीतरी लेखांत वाचलं. न्यायालयाने तसं म्हटलेलं नाही. सवर्ण वादींनी पुरातन वहिवाटीचा दावा केला होता; ती वहिवाट अनादि काळापासून आहे हे त्यांना सिद्ध करता आलं नाही, म्हणून अपील फेटाळलं. ती वहिवाट अन्यायाची आहे का, या प्रश्नात न्यायालयाला शिरावंच लागलं नाही. हे जसंच्या तसं लिहिलं तर आपली बाजू पडते का? उलट बळकट होते. दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून जे मिळालं ते पुराव्याच्या मुद्द्यावर मिळालं. समतेचं कलम पुढे संविधानात लिहावं लागलं. निकाल मुळातून वाचणाऱ्यालाच हा मुद्दा मांडता येतो.

दुसरं उदाहरण अॅट्रॉसिटी कायद्याचं. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, (२०१८) ६ एससीसी ४५४. यात २०१८ हे वर्ष, ६ हा खंड, एससीसी म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ ही निकालमाला आणि ४५४ हे पान. निकालाची तारीख २० मार्च, महाडचाच दिवस! अटकेआधी मंजुरी, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी, असे निर्देश त्यात होते. २ एप्रिलचा भारत बंद त्यावरूनच झाला. आजही कुणीतरी हा निकाल उचलून ‘कायद्याचा गैरवापर सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केलाय’ असं छापतो. त्याला विचारा, पुढचं वाचलं का? संसदेने त्याच वर्षी कलम १८अ घातलं. १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पुनर्विलोकनात हे निर्देश मागे घेतले. पण त्या निकालाचं नाव ‘भारत संघ विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, (२०२०) ४ एससीसी ७६१. महाजन हे नाव टाकून शोधणाऱ्याच्या हाती तो लागेलच असं नाही. निकाल आज किती उभा आहे हे तपासल्याशिवाय तो लिहू नये, मग तो आपल्या बाजूचा असो की विरोधातला.

२०२४ च्या दविंदर सिंग निकालाबद्दल तर बोलायलाच नको. उपवर्गीकरणावर आपल्यातच मतभेद आहेत, ते इथे बाजूला ठेवू. पण ‘सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींना क्रीमी लेयर लावला’ हे विधान चूक आहे. सात जणांच्या पीठापुढे प्रश्न होता तो राज्यांना उपवर्गीकरण करता येतं का, हा. क्रीमी लेयरबद्दल काही न्यायमूर्तींनी आपापल्या मतपत्रात लिहिलं. अशा वेळी नुसतं निकालाचं नाव देऊन चालत नाही. न्यायमूर्ती कोण आणि परिच्छेद कितवा, हेही लिहायचं. पान छापील प्रतीनुसार बदलतं, परिच्छेद सहसा बदलत नाही.

मूळ निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. इंग्रजी जड जातं हे खरं, म्हणून आम्ही रविवारी एकच निकाल घेतो आणि मोठ्याने वाचतो. पुढच्या रविवारी चंपकम दोराईराजन, १९५१. पहिली घटनादुरुस्ती का करावी लागली ते त्यात आहे. वही घेऊन या.