पत्ता विचारू नका!

शेफिल्डला आयटीतल्या मैत्रिणीकडे मुक्काम होता. वीकेंडला तिने विचारलं, ‘‘काय बघायचंय?’’ मी म्हटलं, ‘‘शेवाळ.’’ तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

साधंसुधं शेवाळ नव्हे हं. पावसाळ्यात आपल्या सोसायटीच्या भिंतीवर हिरवी मखमल चढते ना, त्या मॉसच्या खानदानातलं. पण अख्ख्या जगात एकाच जागी सापडणारं, डर्बीशर फेदर मॉस. इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये चुनखडीतल्या एका झऱ्यात त्याची मुख्य वसाहत आहे. आकार 3 चौरस मीटर, म्हणजे डबलबेडएवढा! आसपास काही छोटे पुंजके, बस्स. झऱ्यात घाण उतरली की प्रजाती खल्लास. म्हणून पत्ता गुप्त.

बेकवेलपर्यंत बस, तिथलं फेमस पुडिंग (अतिगोड, पण खाच), मग पायी लॅथकिल डेल. दोन्हीकडे करडे कडे, मधून काचेसारखी नदी. उन्हाळ्यात तिचा वरचा भाग चक्क जमिनीखाली गायब होतो. दगडांवर, ओंडक्यांवर मॉसच मॉस. दर पुंजक्यापाशी मी थांबायचे, हेच का? ओळखता थोडंच येणार होतं!

ओळखीचं दिसलं ते पायवाटेवर. लांबुडकं नाक, चिचुंद्रीचं. पण अंगठ्याएवढी! पिग्मी श्रू, मेलेली. वजन साधारण 4 ग्रॅम, रुपयाच्या नाण्याएवढं. दर दोन-तीन तासांनी खायला मिळालं नाही तर ही संपते. हिवाळ्यात झोप काढायचीही सोय नाही. उलट कवटीसकट शरीर आक्रसून घेते. कॉस्ट कटिंग हिच्याकडून शिकावं! आयुष्य वर्ष-सव्वा वर्ष. मांजरं मारतात आणि वासामुळे न खाताच टाकून जातात.

तरी ही आयर्लंडपासून सायबेरियापर्यंत पसरलीय. ब्रिटनच्या 1981च्या वन्यजीव कायद्यात दोघांचीही नावं आहेत. पण खरं सांगू? ही मेली तरी उद्या दुसरी याच वाटेने पळेल. तिकडे मात्र चार हौशी बूट पुरेत.

‘‘गावात विचारू या ना, पत्रकार आहेस म्हणून सांग,’’ मैत्रीण म्हणाली. मोह झाला. पत्ते शोधून छापणं हाच तर माझा धंदा. एका पावसाळ्यात असाच एका धबधब्याचा पत्ता छापला होता. पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग, आणि पाण्यात वेफर्सची पाकिटं.

आम्ही परतीची बस पकडली. या लेखाखाली ‘कसे जाल?’ असा चौकोन असतो. या वेळी त्यात फक्त बेकवेलची बस आहे.