जात्यावरचे देव

देवळात जाण्यास सवड लागते. स्नान करून, शुचिर्भूत होऊन, हाती फूलपत्री घेऊन निघावे लागते. आणि पंढरपुरासारखे क्षेत्र दूर असेल, तर घरदार आठपंधरा दिवस दुसऱ्याच्या स्वाधीन करावे लागते. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत ज्या स्त्रिया शतकानुशतके नांदल्या, त्यांतील कितीतरी जणींना ही सवड जन्मभर मिळाली नाही. घरी पाळण्यात मूल, गोठ्यात व्यालेली गाय, अंथरुणाला खिळलेली सासू. आणि या साऱ्यांच्या वर उद्याच्या भाकरीची चिंता. अशा स्त्रीने देवाला भेटावे तरी कोठे? तिला तो भेटला घरातच, माजघराच्या एका कोपऱ्यात. तेथे तिचे जाते मांडलेले असे.

जाते ही वस्तू आता शहरांतील मुलांनी पाहिलेलीही नसेल. दगडाच्या दोन गोल, जड तळ्या. एकावर एक ठेवलेल्या. खालची स्थिर, वरची फिरती. खालच्या तळीच्या मध्यभागी एक खीळ असते, तिच्याभोवती वरची तळी फिरते. वरच्या तळीला मधोमध तोंड असते आणि कडेला लाकडी खुंटा बसविलेला असतो. एका हाताने खुंटा धरून तळी फिरवावयाची आणि दुसऱ्या हाताने तोंडात मूठमूठ दाणे टाकावयाचे. या मुठीला वैरण म्हणतात. दाणे दोन दगडांमध्ये भरडत, चिरडत कडेकडे सरकतात आणि चहूबाजूंनी पीठ झरू लागते. दळून दळून दगड गुळगुळीत झाले, म्हणजे त्यांना छिन्नीने पुन्हा टाकी लावून घ्यावी लागे. जाते फार जड असले, तर दोघी समोरासमोर बसत: कधी जावा-जावा, कधी नणंद-भावजय. दिवसा ज्यांचे एकमेकींशी फारसे पटत नसे, त्यांचेही हात पहाटे एकाच खुंट्यावर येत.

हे काम पहाटेचे. दिवस उगवला की पाणी, सडा, शेण, स्वयंपाक आणि शेत ही वाट पाहतच असत; म्हणून कोंबडा आरवण्यापूर्वी उठून दळण उरकावे लागे. घरात इतर सर्व निजलेले, बाहेर काळोख, समईची किंवा चिमणीची मिणमिणती ज्योत, आणि त्या काळोखात जात्याची घरघर. सासुरवाशिणीला दिवसभरात स्वतःचा असा वेळ मिळे तो एवढाच. तिला गाण्यास या वेळी कोणी मना करीत नसे. दिवसा सासऱ्यासमोर मोठ्याने शब्दही न काढणारी सून पहाटे मोकळ्या गळ्याने गाई, आणि अंथरुणात जागे असलेले सासरे ते निमूटपणे ऐकत.

ती गाई ती ओवी. ओवीचे आरंभीचे मान देवांना असत. ग्रामदेवता, दारची तुळस, उगवता सूर्यनारायण, राम-लक्ष्मण, पंढरीचा विठोबा अशी ती एकेकाला ओवी वाहत जाई. मग त्याच ओघात आई येई, बाप येई, पाठीवर निजलेले मूल येई. आणि देवांच्या पंगतीत भाऊ केव्हा येऊन बसला, हे तिचे तिलाही कळत नसे. एखाद्या शास्त्रीबुवांनी ही मांडणी ऐकली असती, तर देव कोठे संपले आणि नातलग कोठे सुरू झाले, असा प्रश्न त्यांना पडला असता. दळणाऱ्या बाईला तो कधी पडला नाही. तिच्या लेखी विठ्ठल हा बाप होता, रुक्मिणी ही आई होती आणि पंढरपूर हे माहेर होते. ज्या माहेरी प्रत्यक्ष जाता येत नाही, त्याची वाट ती बसल्या जागी चालत असे. खुंट्याचा फेरा गरगर फिरे आणि मन चंद्रभागेच्या वाळवंटात असे.

या ओव्यांत सीतेला जे स्थान आहे, तेही पाहण्यासारखे आहे. पुराणिकाच्या कथेत रामराज्याची महती असे. जात्यावर मात्र सीतेच्या वनवासाची गोष्ट पुनःपुन्हा दळली जाई. निरपराध असून जिला घराबाहेर काढले, जिने अरण्यात एकटीने बाळंतपण काढले, तिच्या दुःखाशी या स्त्रियांचे जुने ओळखीचे नाते होते. रामाला देव मानीत असतानाच त्याने सीतेवर केलेल्या अन्यायाची तक्रार त्या बेधडक मांडीत. भक्तीत इतका मोकळेपणा असू शकतो, हे या अशिक्षित मानल्या गेलेल्या बायकांना ठाऊक होते.

जाते आणि देव यांचा संबंध सांगताना जनाबाईचे नाव घ्यावेच लागते. गंगाखेडची ही मुलगी लहानपणी पंढरपुरास नामदेवांच्या घरी आली आणि दासी म्हणून तेथेच वाढली. झाडलोट, पाणी, शेण्या वेचणे, दळण-कांडण ही तिची कामे. तिच्याबरोबर विठ्ठल दळू लागे, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. पंढरपुराजवळ गोपाळपूर येथे जनाबाईचे म्हणून एक जाते आजही दाखवितात. या कथेतील एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. देव जनीकडे आला खरा, पण त्याने तिला दळणातून सोडविले नाही. पिठाची रास जादूने तिच्यापुढे उभी केली नाही, की दासीची राणी केली नाही. तो खुंट्याच्या दुसऱ्या बाजूस बसला आणि दळू लागला. ज्यांच्या समोर खुंट्याला हात लावणारे कोणीच नसे, अशा असंख्य स्त्रियांना ही कथा इतकी जवळची का वाटली, ते यावरून समजते.

ओवी किती जुनी आहे? कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आढळते. ज्ञानेश्वरांनी नेवासे येथे गीतेवरील आपली टीका सांगितली ती १२९० साली, म्हणजे या नोंदीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. आणि तिच्यासाठी त्यांनी छंद निवडला तो ओवीचाच. संस्कृतातील गहन तत्त्वज्ञान मराठीत आणताना त्या तरुण ज्ञानियाला जे नाव आणि जी लय हाताशी सापडली, ती उखळा-जात्यापाशी बसलेल्या बायकांच्या ओठांवर आधीपासून होती. ग्रंथाची ओवी आणि जात्याची ओवी यांत पुढे अंतर पडले असले, तरी त्यांचे गोत्र एकच.

एवढे सगळे सांगितल्यावर दळणाचे गोडवे गाण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. दळणाने तळहाताला घट्टे पडत, खांदे भरून येत, गरोदर बाईलाही त्यातून सुटका नसे. तुरुंगात सक्तमजुरीच्या कैद्याला जी अवघड कामे देत, त्यांत दळण हे एक असे. त्यावरून हे काम किती जड होते याची कल्पना करावी. दगडाच्या अंगी पावित्र्य नव्हते. तेच जाते तुरुंगात शिक्षा होते आणि घरात पूजेचे स्थान होते. आणि पुष्कळ घरांत ते एकाच वेळी दोन्ही होते. सासुरवासाने गांजलेली बाई ओवीत देवाला आळवी, तेव्हा त्या आळवणीत रडणेही मिसळलेले असे.

आणखी एक गोष्ट आहे. पंढरपूरचे माहेर सर्वच लेकींना मोकळे नव्हते. ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरविले होते, त्या वस्त्यांतूनही पहाटे जात्याची घरघर उठे आणि विठोबाच्या ओव्या ऐकू येत. परंतु पायपीट करून पंढरी गाठली, तरी त्या स्त्रियांना देवळाच्या आत पाऊल टाकता येत नसे. चोखामेळ्याच्या काळापासून हा दरवाजा बंद होता. तो उघडावा म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण केले आणि दहाव्या दिवशी, १० मे रोजी, त्यांच्या प्रयत्नांना यश आले. हेच साने गुरुजी खेड्यापाड्यांतील बायकांच्या ओव्या प्रेमाने गोळा करणारे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. ओवीतील देव ज्याने मनापासून ऐकला, त्याला देवळाचे बंद दार सहन होणे कठीणच होते.

ते दार उघडण्याची वाट सर्वांनीच पाहिली असे मात्र नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या वस्त्यांतील जाती त्यानंतरही फिरतच राहिली. ओवीची चाल तीच राहिली. पण तिच्यात आता बुद्ध आले, भीमराव आले, रमाई आली. या स्त्रियांनी जुने देव सोडले, तरी पहाटेच्या काळोखात ज्याच्याविषयी मनात आदर आहे त्याचे नाव घेऊन कामास आरंभ करण्याची रीत सोडली नाही. ही रीत त्यांनी कोणाकडून उसनी आणलेली नव्हती. ती त्यांच्या आजीपणजीची होती.

हे सारे आज सांगता येते, याचे कारण काही माणसांनी वेळेवर या ओव्या ऐकून ठेवल्या. साने गुरुजींनी आपल्या संग्रहाला 'स्त्रीजीवन' असे नाव दिले. पुढे हेमा राईरकर आणि फ्रान्समध्ये जन्मून भारताचे नागरिक झालेले गी पॉइटवाँ या दोघांनी पुण्यातून हे काम हाती घेतले आणि सहकाऱ्यांच्या साहाय्याने हजाराहून अधिक खेड्यांतील एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवून घेतल्या. खानदेशातील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या बाबतीत तर हे काम मुलानेच केले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. घरोटावर, म्हणजे जात्यावर, आणि शेतात काम करताना त्यांना गाणी सुचत; कवी असलेले चिरंजीव सोपानदेव आणि एक आप्त यांनी ती टिपून ठेवली, आणि बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने निघाली. ती टिपली गेली नसती, तर घरोटाच्या पिठाबरोबर तीही संपली असती. अशी किती संपली असतील, याचा हिशेब कोण देणार?

मग गावोगावी पिठाची गिरणी आली. तिचा पट्टा फिरू लागला, तासांचे काम मिनिटांत होऊ लागले, आणि बायकांनी दळणाचे डबे आनंदाने तिकडे पाठविले. त्यात हळहळण्यासारखे काही नाही. वाचलेल्या पहाटेत कित्येक मुलींना शाळेची तयारी करता आली. गिरणीच्या खडखडाटात गाणे मात्र शक्य नव्हते. जाती अडगळीत गेली. काही अंगणात पालथी पडली, काहींच्या तळ्या पायरीला लागल्या. पायरीला लागलेल्या तळीवर पाय ठेवताना एखादी म्हातारी अजून थबकते. जात्याला पाय लावू नये, असे तिला लहानपणी शिकविलेले असते. रिकामे जाते फिरवू नये, असेही तिला शिकविलेले असते, आणि त्याचे व्यावहारिक कारणही तिला पक्के ठाऊक असते: दगडावर दगड घासला, तर पिठात कच येते.

लग्नघरात अजूनही एक दिवस जात्याची आठवण होते. हळदीच्या आधी कोपऱ्यातले जाते बाहेर काढतात, धुऊन पुसून पाटाजवळ मांडतात. त्याला हळदकुंकू लावतात, खुंट्याला सुपारी बांधतात आणि सवाष्णी मिळून हळकुंडे दळतात. नव्या मुली हसतात. कोणाचा फेरा उलटा जातो, कोणाचा हात मध्येच थांबतो. गाणे म्हणा, असा आग्रह होतो, तेव्हा आजी संकोचून म्हणते, आता कोठले आठवते? कोणीतरी तिचा हात धरून तिला जात्याशी बसविते. ती एक पाय लांब करते, दुसरा दुमडते, पदर खोचते आणि खुंटा धरते. दोन-तीन फेरे नुसतेच जातात. मग ती वैरण घालते, आणि तिच्या ओठांवर विठ्ठलाचे नाव येते. त्याच्या मागोमाग तिच्या आईचे येते. आणि त्यानंतर, बाहेर मांडवात पंगतीची घाई असतानाही, ओव्या काही केल्या थांबत नाहीत.