एकाच कीटकाचीं दोन नांवें

कोबीचीं मुळें पोखरणारी एका माशीची अळी ही युरोपांतील मळेवाल्यांची जुनी वैरीण. ती मातींत कोष करून निजली कीं तिचा काळ तिला शोधीत येतो. हा काळ म्हणजे 'अ‍ॅलिओकारा' गणांतील, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा, आंखूड पंखांचा एक भुंगेरा. त्याची नवजात अळी कोषाला भोंक पाडून आंत शिरते व निजलेल्या जिवावर पोसते. कात टाकल्यावर तिचे पाय खुरटतात. घरींच अन्न असतां चालावयाचें तरी कशाला? अखेरीस माशीच्या कोषांतून भुंगेराच बाहेर पडतो!

या जातीस १८१० सालीं स्वीडनच्या गिलेनहाल यांनीं 'बायलिनिआटा' हें नांव दिलें. १९१५ सालीं इंग्लंडांत वड्स्वर्थ यांनीं तिचा जीवनक्रम प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं अमेरिकेच्या कर्नल केसी यांनीं हाच कीटक ओंटॅरिओ प्रांताच्या नांवावरून नवी जात म्हणून नोंदला. १९५३ सालींहि कॅनडांत त्याचा जीवनक्रम या दुसऱ्याच नांवाखालीं लिहिला जात होता. विवाहानंतर नांव बदललेल्या सुनेचे माहेरचे गुण सासरीं कोणास ठाऊक नसावेत, तशीच ही गत! दोन्हीं नांवें एकाचींच, हें पुढें ठरलें.

ज्या कुळांत ६० हजारांहून अधिक जाती आहेत, तेथें असा घोटाळा झाल्यास नवल नाहीं. त्याच गणांतील 'बायपुस्टुलाटा' ही जातहि माशांच्या कोषांवरच वाढते, आणि दोघींना एक समजणें सोपें आहे. परंतु पहिली हिवाळा काढते ती माशीच्या कोषांत, अळीच्या रूपानें. दुसरी काढते ती प्रौढ भुंगेरा होऊन. म्हणजे हिवाळ्यांत मातींतील सारे कोष वेंचून जाळणारा मळेवाला पहिलीच्या बाबतींत शत्रूबरोबर मित्रासहि जाळील.

भुंगेऱ्याच्या शरीरावरील बारीक खुणा मोजीत बसणाऱ्या पंडितांस कित्येक लोक हंसतात. परंतु एका देशांत कष्टानें मिळविलेलें ज्ञान दुसऱ्या देशांतील शेतापर्यंत पोहोंचतें, तें नांवाच्या धाग्यानेंच. तो धागा तपासून पाहणारांचे उपकार शेतकऱ्यानें व कोबी खाणाऱ्या आपणां सर्वांनीं स्मरावेत, असें आम्हांस वाटतें.