मास्कच्या आतला घसा

रात्रीचे अडीच. दम लागलेल्या आजीच्या तोंडावर मास्क घट्ट बसवलेला. बायपॅप यंत्र मास्कमधून हवा ढकलतंय, मॉनिटरवर आकडे हलताहेत. पण ती हवा घशात कुठे अडतेय का, हे आकडे सांगत नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आयसीयूत असा पेशंट नवा नाही. चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या बायकांना सीओपीडी हा फुप्फुसांचा आजार गाठू शकतो.

घशात दुर्बीण घालायची तर मास्कमधून हवा गळते, पेशंटही घाबरतो. सोनोग्राफीचा प्रोब मात्र हनुवटीखाली आणि गळ्यावर बाहेरूनच टेकतो. जीभ मागे पडतेय का, दाब वाढवल्यावर वाट मोकळी होते का, स्वरतंतू उघडतात की मिटतात, हे पडद्यावर हलताना दिसतं. मज्जातंतूंच्या आजारात तर हे फार मोलाचं. काहींचे स्वरतंतू जास्त दाबाने आवळतात, आणि मदतीला पाठवलेली हवा दारातच अडते. अशा वेळी दाब वाढवणं नव्हे, कमी करणं हा उपाय ठरू शकतो.

या तपासणीला मर्यादाही आहेत. हवा ध्वनिलहरी परतवते, त्यामुळे हवेच्या पोकळीपलीकडचं दिसत नाही. वयस्क पुरुषांत गळ्यातली कूर्चा कडक झाली असेल तर चित्र धूसर येतं.

दुसरी अडचण कायद्याची. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्ये आणि देशाने 1994 मध्ये कायदा केला. त्यामुळे सोनोग्राफी यंत्र नोंदणीशिवाय वापरता येत नाही. लेकींसाठी हा कायदा हवाच. पण नोंदणीमुळे यंत्र एका खोलीत आणि धापा टाकणारी आजी दुसरीकडे, असं व्हायला नको. जिल्ह्यातल्या प्रत्येक आयसीयूने एक यंत्र रीतसर नोंदवून खाटेशेजारी ठेवावं.