पाय की लॅपटॉप? बर्लिनचा लूप-फंडा

दिवसभर ऑफिसात लॅपटॉपसमोर बसायचं आणि संध्याकाळी तिकीट काढून दुसऱ्या कुणाला तरी लॅपटॉपसमोर बसलेलं बघायचं? बर्लिनच्या एका क्लबात मला हा प्रश्न पडला. साऊंड भन्नाट होता, पण स्टेजवरचा पठ्ठ्या वाजवतोय की मेल चेक करतोय, कळायला मार्ग नव्हता!

उत्तर शोधायला हेच शहर बेस्ट. कारण लॅपटॉपला स्टेजवर मानाचं पान मिळवून देणारं ‘एबलटन लाइव्ह’ हे सॉफ्टवेअर २००१ मध्ये इथूनच बाहेर पडलं. यू-२ मेट्रोनं झेनेफेल्डरप्लात्झला उतरलात, की जवळच कंपनीचं ऑफिस.

लूपिंगचा फंडा सोपा आहे. गिटारचे चार सूर वाजवा, तिथल्या तिथे रेकॉर्ड करा, ते फिरत ठेवा आणि त्यावर दुसरा थर चढवा. एकटा माणूस, अख्खा बँड! लॅपटॉपवर असे थर वेगवेगळ्या ट्रॅकवर हवे तितके चढवता येतात. गोची एकच. आवाज मशीनमध्ये जाऊन परत यायला वेळ लागतो. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला २५६ सॅम्पलचा बफर ठेवलात, तर नुसतं आत जायलाच जवळपास ६ मिलिसेकंद. बफर फार कमी केलात, तर प्रोसेसर धापा टाकतो आणि आवाज तडतडतो.

आता मेट्रोनं फक्त एक स्टेशन पुढे या. एबर्सवाल्डर श्ट्रासेपासून थोडं चाललं की माउअरपार्क. जिथे बर्लिनची भिंत होती, त्या पट्ट्यावरची ही बाग. रविवारी जुन्या बाजारामुळे तोबा गर्दी. तिथे एक मुलगी गिटार घेऊन उभी होती. पायाशी लूप पेडल, शेजारी बॅटरीवरचा छोटा अ‍ॅम्प. प्लगपॉइंट नाही, सावली नाही. त्या उन्हात लॅपटॉपचा स्क्रीन दिसलाही नसता.

तिनं गिटारवर थाप मारून ठेका रेकॉर्ड केला. पेडल जरा उशिरा दाबलं गेलं आणि लूप चक्क लंगडायला लागला. तिनं हसून सगळं पुसलं, पुन्हा सुरुवात केली. या वेळी ठेका असा चपखल बसला, की पब्लिकनं गाण्याआधीच टाळ्या वाजवल्या. फसलेलं डोळ्यांसमोर फसलं होतं, म्हणून जमलेल्याची मजा आली.

आणि खरी गंमत पुढे आहे. ‘मोनोलेक’ नावानं वाजवणारे रॉबर्ट हेंके हे एबलटनच्या जन्मापासूनचे शिलेदार. त्यांनाही स्टेजवर नुसता माऊस पुरेना! २००३ मध्ये त्यांनी स्वतःसाठी बटणं-नॉब्जचा ‘मोनोडेक’ बनवला. पुढे २०१३ मध्ये कंपनीनं ‘पुश’ हा पॅडवाला कंट्रोलर आणला आणि २०२३ मध्ये तर लॅपटॉपशिवाय चालणारा पुश. म्हणजे लॅपटॉपवालेसुद्धा फिरून डब्याकडेच आले की!

माझं मत विचाराल, तर ढीगभर ट्रॅक एकट्यानं सांभाळायचे असतील तर लॅपटॉपला तोड नाही. पण बॉस, काहीतरी दिसू दे! हात, पाय, घाम... काहीही. नाहीतर घरी सीडी काय वाईट?

जाणार असाल तर: माउअरपार्क रविवारी. मशीन्स स्वतः हाताळायची असतील, तर कॉटबुसर टोर परिसरातलं ‘श्नायडर्सलाडेन’. फक्त रविवारी जर्मनीत बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा हे आधी उरका. आणि हो, खिशात सुट्टे युरो ठेवा. गिटारची केस उघडीच असते!